लोकलने जाता येणारं बेट: मुंबईच्या किनाऱ्यांची दोन दिवसांची सहल

बेटावरची सुट्टी म्हटलं की डोळ्यांसमोर अंदमान, लक्षद्वीप नाहीतर मालदीव येतं. मग विमानाची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, मुलांच्या परीक्षा आणि ऑफिसची रजा यांचा हिशेब सुरू होतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. पण एक बेट असं आहे, जिथे तुम्ही एसटीने, लोकलने, अगदी मेट्रोनेही जाऊ शकता. त्या बेटाचं नाव मुंबई.

‘मुंबई तर आम्ही पाहिलीय’ असं तुम्ही म्हणाल. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, चौपाटीवरची भेळ. खरं आहे. पण आपण मुंबई पाहतो ती शहर म्हणून. तिच्या किनाऱ्याची वळणं, खाड्या, बंदरं आणि तिथे रोज दोनदा येऊन जाणारं पाणी पाहायचं राहून जातं. या वेळी मुंबई बेट म्हणून पाहा.

पश्चिम रेल्वेच्या लोकलने दक्षिणेकडे येत असाल, तर वांद्रे सुटल्यावर खिडकीकडे लक्ष ठेवा. माहीम येण्याआधी गाडी एका पुलावरून जाते. खाली मिठी नदीचं काळपट पाणी, कडेला कांदळवन आणि खाडीचा ओळखीचा वास. काही सेकंदांत हे सगळं मागे पडतं. हीच बेटाची वेस. वांद्र्याकडची बाजू साष्टी बेटाची, माहीमकडची मुंबई बेटाची. तुम्ही नुकताच समुद्र ओलांडला आणि डब्यात कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

सात बेटांचं एक बेट

आजच्या मुंबई शहराच्या जागी पूर्वी सात लहान बेटं होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. इथले जुने रहिवासी कोळी. त्यांच्या मुंबादेवीवरूनच शहराला नाव मिळालं. १६६१मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात ही बेटं इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

पुढे बांध घातले गेले, खाजणं भरली गेली आणि बेटं एकमेकांना चिकटली. १८३८मध्ये कुलाब्याला जोडणारा रस्ता झाला, १८४५मध्ये माहीम आणि वांद्रे जोडले गेले. भराव घालणं आजही थांबलेलं नाही. म्हणून आज आपण ज्याला ‘समुद्रकिनारा’ म्हणतो, तो बऱ्याच ठिकाणी शे-दोनशे वर्षांत माणसाने बांधलेला काठ आहे. जुना किनारा आणि त्यावर जगणारी माणसं मात्र अजून आहेत. ती पाहायची तर थोडं वेळापत्रक सांभाळावं लागतं, आणि ते वेळापत्रक समुद्राचं असतं.

निघण्याआधी तिथी पाहा

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि दररोज ही वेळ पाऊण तासाने, म्हणजे जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ची पाऊणपट ३. म्हणजे भरती साधारण ३ वाजता, दुपारी आणि पहाटेही. ओहोटी सकाळी आणि रात्री ९च्या सुमारास. अष्टमीला भरती ६ वाजता. पौर्णिमा आणि अमावास्येला ती दुपारी १२च्या आसपास येते. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून हा हिशेब मुलांनाच करू द्या, त्यांना गंमत वाटेल. निघण्याच्या दिवशी मोबाइलवर नेमकी वेळ तपासून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे हा फरक कमी. किनारा पाहण्यासाठी द्वितीया-तृतीयेचे दिवस सोयीचे. ओहोटी सकाळी ७.३० ते ८च्या दरम्यान येते आणि भरती दुपारी दीड ते सव्वादोनला. पुढचा दोन दिवसांचा बेत त्याच हिशेबाने आखला आहे. हवामानाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

पहिला दिवस: बंदराची बाजू

मुंबईचा पूर्वेकडचा किनारा म्हणजे बंदर. इथलं पाणी शांत, कारण समोर मुख्य भूमी आहे. सुरुवात पहाटे कुलाब्याच्या ससून डॉकपासून करा. १८७५मध्ये बांधलेली ही गोदी आज शहरातल्या मोठ्या मासळी बाजारांपैकी एक आहे. उजाडायच्या आत बोटी लागतात, टोपल्या उतरतात, लिलाव पुकारले जातात आणि एका बाजूला बायका झपाझप कोळंबी सोलत बसलेल्या असतात. पायांत जुन्या चपला घाला, जमीन ओली आणि निसरडी असते. ही कामाची जागा आहे, वाटेत उभे राहू नका आणि फोटो काढण्याआधी परवानगी आहे का ते विचारा. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीवर बंदी असते, तेव्हा इथे फारसं काही दिसणार नाही.

तिथून गेटवे ऑफ इंडिया जवळच. १९२४मध्ये पूर्ण झालेल्या या कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी परत गेली, हे मुलांना आवर्जून सांगा. इथूनच सकाळी ९च्या सुमारास घारापुरीच्या लाँच सुटू लागतात. साधारण तासाभराचा प्रवास. डिसेंबर २०२४मध्ये याच मार्गावर झालेल्या अपघातात अनेकांचे जीव गेले. म्हणून लाँचमध्ये बसताच सगळ्यांसाठी लाइफ जॅकेट मागा, मुलांना ते नीट बांधा आणि उतरेपर्यंत काढू देऊ नका.

घारापुरीची लेणी १९८७पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. मुख्य लेण्यात सुमारे साडेपाच मीटर उंचीची सदाशिवाची मूर्ती आहे, जिला आपण त्रिमूर्ती म्हणतो. काही मिनिटं तिथे नुसतं बसा. डोळे अंधाराला सरावले की तिन्ही चेहऱ्यांवरचे भाव वेगळे दिसू लागतात. एक उग्र, एक शांत, एक कोमल. पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते इथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

लेणी पाहून बहुतेक पर्यटक पहिल्या लाँचने परततात. तुम्ही थोडं थांबा. या बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. समोर रात्रभर मुंबई झगमगत असताना या गावांत कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या केबलमधून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटरवर दिवे लागत. पायऱ्यांवर माळा आणि टोप्या विकणाऱ्या, ताक-काकडी देणाऱ्या बायका याच गावांतल्या. दुपारचं जेवण त्यांच्याकडे घ्या. लेणी सोमवारी बंद असतात आणि माकडांपासून पिशव्या सांभाळाव्या लागतात, एवढं लक्षात ठेवा.

संध्याकाळ मरीन ड्राइव्हवर

परत आल्यावर चर्चगेट गाठा आणि पश्चिमेकडे पाच मिनिटं चाला. समोर बॅक बे, मुंबईतलं सगळ्यांत ओळखीचं समुद्राचं वळण. एका टोकाला नरिमन पॉइंट, दुसऱ्या टोकाला मलबार हिल आणि मध्ये साधारण साडेतीन किलोमीटरचा कठडा. पूर्वी समुद्र चर्चगेट स्टेशनच्या जवळपर्यंत होता. तुम्ही ज्या फरशीवर चालता आहात ती आणि मागच्या इमारती भरावावर उभ्या आहेत. त्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारतींकडेही पाहा. मुंबईतल्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींना २०१८मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात या इमारतीही आहेत.

चालत चालत गिरगाव चौपाटीवर या. लोकमान्य टिळकांवर १ ऑगस्ट १९२० रोजी इथेच अंत्यसंस्कार झाले, त्यांचा पुतळा इथे आहे. द्वितीयेच्या संध्याकाळी ओहोटी असल्याने पाणी बरंच मागे गेलेलं असतं आणि ओल्या वाळूवर मुलांना खेळायला भरपूर जागा मिळते. भेळ खा, कुल्फी खा, पण पाण्यात उतरू नका. अंधार पडला की टॅक्सीने मलबार हिलवर कमला नेहरू पार्कपर्यंत जा. तिथून खाली दिव्यांची जी माळ दिसते, तिलाच ‘राणीचा हार’ म्हणतात.

दुसरा दिवस: उघड्या समुद्राची बाजू

सकाळी लवकर वाळकेश्वरला बाणगंगेवर पोहोचा. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तळ्यातलं पाणी गोडं. मुंबईत इतकं जुनं, इतकं शांत ठिकाण दुसरं सापडणं कठीण. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली, तेव्हा बाण मारून हा झरा काढला अशी कथा आहे. वाळूचं शिवलिंग केलं म्हणून वालुकेश्वर, त्याचं झालं वाळकेश्वर. शिलाहारांच्या काळापासून चालत आलेल्या या स्थानाचा १७१५मध्ये रामा कामत यांनी जीर्णोद्धार केला. पायऱ्यांवर बसून बदकं पाहण्यात अर्धा तास कसा जातो कळत नाही.

तिथून ८ वाजेपर्यंत हाजीअली. किनाऱ्यापासून सुमारे ५०० मीटर आत, समुद्रातल्या खडकावर ही दर्गा आहे. तिथे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते, म्हणूनच आपण ओहोटीची वेळ धरली. २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर आता महिलांनाही मजारीपर्यंत जाता येतं.

दर्शन घेऊन परतताना घाई करू नका. वाटेच्या दोन्ही बाजूंना खडक उघडे पडलेले असतात. त्यांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात वाकून पाहा. शंखात लपलेले खेकडे, खडकाला घट्ट चिकटलेल्या गोगलगायी, नशीब असेल तर फुलासारखं उमललेलं समुद्रफूल. मुंबईच्या गढूळ पाण्यात एवढं जीवन असेल असं बहुतेकांना वाटत नाही. २०२०मध्ये किनारी रस्त्याच्या कामाआधी हाजीअली आणि वरळी इथल्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे हलवावी लागली होती. म्हणजे या शहराच्या काठावर प्रवाळंही राहतात. २०१७पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट ओहोटीच्या वेळी अशा किनारा-फेऱ्या काढतो. जाणत्या माणसाबरोबर पाहायचं असेल तर त्यांच्या फेरीत सामील व्हा. काहीही उचलू नका, दगड उलटलात तर पुन्हा होता तसा ठेवा.

जवळच महालक्ष्मीचं मंदिर आहे. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात मुंबई आणि वरळी बेटांमध्ये बांध घालण्याचं काम चाललं होतं. बांध पुन्हा पुन्हा कोसळत होता. तेव्हा देवीने स्वप्नात येऊन समुद्रातल्या मूर्ती बाहेर काढायला सांगितल्या, अशी आख्यायिका सांगितली जाते. बांध पुरा झाला आणि समुद्राचं पाणी आत शिरायचं थांबलं. तो हॉर्नबी वेलार्ड म्हणजे आज तुम्ही ज्या रस्त्याने हाजीअलीला आलात तोच.

वरळी: जिथे समुद्र म्हणजे नुसता देखावा नाही

दुपारी २च्या सुमारास वरळी कोळीवाड्यात या. अरुंद गल्ल्या, दारात वाळत घातलेली जाळी, दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. गल्लीच्या टोकाला छोटासा वरळीचा किल्ला. इथून माहीमच्या उपसागराचं अख्खं वळण दिसतं. समोर २००९मध्ये सुरू झालेला ५.६ किलोमीटरचा वांद्रे-वरळी सागरी सेतू, पलीकडे वांद्र्याचा किनारा. ही भरतीची वेळ आहे. सकाळी चिखलात तिरक्या पडलेल्या होड्या आता पाण्यावर डोलत असतात.

किल्ल्यावरून दुसऱ्या बाजूला नवा किनारी रस्ता दिसतो. मार्च २०२४मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. तासाभराचा प्रवास काही मिनिटांवर आला, याचा आनंद मुंबईकरांना आहेच. पण हा रस्ता सागरी सेतूला जोडताना पुलाचे खांब नेमके इथल्या होड्यांच्या वाटेत येत होते. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. वारा आणि लाटा असताना एवढ्या जागेतून होडी नेणं धोक्याचं आहे, असं कोळी बांधवांचं म्हणणं होतं. त्यांनी निवेदनं दिली, समुद्रात होड्या आडव्या घालून काम रोखलं. अखेर डिसेंबर २०२२मध्ये एक खांब कमी करून हे अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला.

तुम्ही टॅक्सीने त्या पुलावरून गेलात तर खाली ती जागा कळणारसुद्धा नाही. किल्ल्यावर उभं राहून एखादी होडी त्या दोन खांबांमधून बाहेर जाताना पाहिली, की मात्र कळतं. आपल्यासाठी जो सी-व्ह्यू आहे, तो कुणाच्या तरी घराचा चुलीपर्यंत येणारा रस्ता आहे. मुलांना हे एकदा दाखवायला हवं. किनाऱ्याचं काय करायचं हे उद्या तीच ठरवणार आहेत. काचेतून पाहिलेला समुद्र आणि ज्याच्या काठी उभं राहून कोळणीशी दोन शब्द बोललो तो समुद्र, यांत फरक आहे.

कोळीवाडा हे लोकांचं राहतं घर आहे, हे विसरू नका. मोठमोठ्याने बोलत, दारादारात कॅमेरा रोखत फिरू नका. ‘मावशी, हे काय वाळत घातलंय?’ असं विचारा, माहितीही मिळेल आणि सुका जवळा विकतही मिळेल. तो दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर परतीच्या प्रवासात सगळ्या डब्याला कळेल!

शेवट माहीमला

संध्याकाळी माहीमला पोहोचा. इथे एका लहानशा भागात मखदूम शाह बाबांचा दर्गा, शितलादेवीचं मंदिर आणि दर बुधवारी गर्दी खेचणारं सेंट मायकल चर्च आहे. किनाऱ्यावरून मिठी नदी समुद्राला मिळते ती जागा दिसते. पाणी स्वच्छ नाही, हे लपवण्यासारखं नाही. शहराने नदीचं काय केलं ते इथे नाकाला आधी कळतं.

इथून वांद्र्याकडे जाणारा माहीम कॉजवे नक्की पाहा. पूर्वी ही खाडी होडीने ओलांडावी लागे आणि होड्या उलटून माणसं बुडत. सरकार पैसे खर्च करायला तयार नव्हतं. तेव्हा जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी १,५७,००० रुपये दिले आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. माहीममधून दादरकडे जाणाऱ्या एल. जे. रोडचं पूर्ण नाव लेडी जमशेटजी रोड, ते त्यांच्यावरूनच. दुकानातून माहीमचा पातळ वड्यांचा हलवा घ्या, घरच्यांसाठी याहून चांगली भेट नाही.

आणखी अर्धा दिवस असेल तर

हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या पूर्वेकडच्या खाडीत रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो येतात. शिवडीच्या किल्ल्यावरून खाडीचा पट्टा दिसतो आणि जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही. पक्षी जवळून पाहायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने ठाणे खाडीत जाता येतं. आधी बुकिंग करा. बोटीच्या वेळाही भरतीवरच ठरतात, म्हणजे तिथीचा हिशेब इथेही उपयोगी पडेल. ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली आहे.

लक्षात ठेवण्यासारखं

कसं फिराल: आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोने चर्चगेट, गिरगाव, महालक्ष्मी, वरळी, शितलादेवी ही सगळी ठिकाणं जोडली आहेत. धारावी आणि बीकेसी स्टेशनांच्या मध्ये ती मिठी नदीच्या खालून जाते. आजी-आजोबा सोबत असतील तर गर्दीच्या वेळी लोकल टाळा आणि मेट्रो घ्या.

काय न्याल: घट्ट बसणाऱ्या रबरी सँडल, टोपी, पाण्याची बाटली, मुलांसाठी कपड्यांचा एक जोड आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

काय टाळाल: पावसाळ्यात ४.५ मीटरहून उंच भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी कठड्यावर बसू नका, सेल्फीसाठी खडकांवर उतरू नका. पावसाळ्यात वाळूवर निळसर फुग्यासारखं काही दिसलं तर हात लावू देऊ नका. ते ब्लू बॉटल असतात आणि त्यांचा डंख फार आग करतो. खडकांवर असताना पाणी चढू लागलं की लगेच मागे फिरा.

आता दिनदर्शिका काढा आणि द्वितीया-तृतीयेला जोडून आलेला शनिवार-रविवार शोधा. समोरच्या चौकटीत पेनाने भरती आणि ओहोटीची वेळ लिहून ठेवा. बाकीचा बेत त्या दोन आकड्यांभोवती आपोआप बसेल.